फोटो नको, वहीचं पान टाका

माझ्या फोनमध्ये आजूबाजूच्या शाळांच्या केंद्राचा ग्रुप आहे, तालुक्याचा आहे, शालेय पोषण आहाराचा वेगळा, बीएलओंचा, म्हणजे मतदार यादीच्या कामाचा, वेगळा. संघटनेचे दोन, कारण मध्यंतरी संघटना फुटली. पतसंस्थेचा एक, डी.एड.च्या बॅचचा एक आणि 'बदली अपडेट' नावाचा एक, ज्यात मला कुणी घेतलं ते आजवर कळलेलं नाही. सकाळी सातला फुलांचं चित्र आणि शुभ प्रभात, साडेआठच्या आत पहिलं 'अतितातडीचे'. आधार वैध झालेले विद्यार्थी किती, अपार आयडी किती निघाले, यू-डायस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर अमुक रकाना कोरा का? 'सोबतची लिंक आज दुपारी बारापर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.' आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, द्विशिक्षकी. बारापर्यंत लिंक भरायची म्हणजे दोघांपैकी एकानं रेंजसाठी पाण्याच्या टाकीजवळ उभं राहायचं आणि दुसऱ्यानं चारही वर्ग एका व्हरांड्यात घेऊन बसायचं.

त्यामुळे शिक्षकांनी समाजमाध्यमांतून व्यावसायिक विकास साधावा असं व्यासपीठावरून कुणी म्हणालं, की समोरच्या खुर्च्यांमध्ये खसखस पिकते. फोन म्हणजे खिशात बसलेलं ऑफिस, हा आमचा अनुभव. तरीही शिकवण्याच्या कामात मी अलीकडे जे नवं शिकले, त्यातलं बरंचसं याच फोननं दिलं. फक्त ते या ग्रुपांमधून आलं नाही. कुठून आलं, ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडं मागचं. २२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं, हा शब्द शाळाशाळांत पोचला. त्याच सुमारास शिक्षकांच्या हातात स्मार्टफोन आले होते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जे काम उभं केलं होतं, ते बघायला राज्यभरातून गाड्या भरून लोक गेले. मराठवाड्यातूनही गेले. रात्रभर प्रवास, सकाळी शाळाभेट, दिवसभर टिपणं. जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत व्हॉट्सॲपवरून फोटो आले. त्यात दिसत होत्या रंगवलेल्या फरश्या. अक्षरांच्या चौकटी, संख्यारेषा, शंभरपर्यंतचा तक्ता, आणि त्यावर पोतं टाकून बसलेली मुलं.

मग आमच्याकडे फरश्या रंगल्या. कुणी पगारातून, कुणी लोकवर्गणीतून ऑइलपेंटचे डबे आणले. फरशीच नव्हती तिथे कोबा रंगला. त्या कष्टांची मी टिंगल करणार नाही. ऐन मे महिन्याच्या उन्हात गुडघ्यांवर बसून रेषा मारणारे शिक्षक मी पाहिलेत, त्यातले काही आता निवृत्त झाले. पण फोटोतून फरशी आली आणि तिच्यावर बसून तिथल्या बाई मुलाला काय विचारत होत्या, ते काही आलं नाही. मूल चुकलं तेव्हा बाई किती वेळ गप्प राहिल्या, हे फोटोत कसं येणार? वर्षा-दोन वर्षांत रंग उडाला. काही शाळांत काम टिकलं. ते टिकलं तिथे बहुधा कुणीतरी तिथल्या शिक्षकांशी नंतरही बोलत राहिलं होतं, असं मला ओळखीच्या शाळांवरून वाटतं.

तेव्हापासून चाललेला हा 'उपक्रमाचा फोटो' अजून संपलेला नाही. एका हातानं फळ्याकडे बोट आणि नजर कॅमेऱ्याकडे, ही आमची ठरलेली मुद्रा. खाली अंगठे, टाळ्या, 'अप्रतिम सर', 'खूप छान मॅडम'. कुणीच विचारत नाही की सर, किती मुलांना आलं? विचारलं तर ते उद्धटपणाचं दिसेल. आणि ग्रुपमध्ये साहेब असतात. साहेबांसमोर 'माझ्या वर्गात सात मुलांना अजून वाचता येत नाही, काय करू?' असं कोण लिहील? लिहिलंच तर दुसऱ्या दिवशी त्या सात मुलांची यादी, कारणे आणि कृती आराखडा सादर करा म्हणून निरोप येतो. हे सांगोवांगी नाही. आमच्या ओळखीतल्या एका मॅडमच्या बाबतीत झालेलं आहे.

बायकांची आणखी एक अडचण असते, ती पुरुष सहकाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दोनशे-तीनशे जणांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला की आपला नंबर त्या सगळ्यांकडे जातो. मग अनोळखी नंबरांवरून गुड नाइट सुरू. सरांच्या चर्चा शाळा सुटल्यावर चौकातल्या टपरीवर, चहाबरोबर उरकतात. आमची वेळ रात्री साडेनऊनंतरची. भांडी झाली, लेकरं झोपली, की मग. तेव्हा लिहायचंही त्राण नसतं, बोलता येतं. म्हणून आमच्या शिकण्याचा मोठा भाग आवाजी निरोपांतून झाला. त्यात मागून कुकरची शिट्टी ऐकू येते, कुणाच्या तरी सासूबाई विचारतात, "कुणाशी बोलायलीस गं एवढ्या रात्री?"

आमचा छोटा ग्रुप जमला शिक्षकांच्या 'निष्ठा' या सरकारी प्रशिक्षणातून. २०१९मध्ये सुरू झालेलं हे प्रशिक्षण नंतर सरकारच्या दीक्षा ॲपवर गेलं, पण आम्हाला ते समोरासमोर मिळालं. जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या पायऱ्यांवर आम्ही काही जणी आणि दोघे सर बसायचो. पुढे त्यातल्या कुणाची बदली झाली, कुणी आपल्या ओळखीतल्या एखाद्याला आणलं. आता त्यात लातूरच्या एक मॅडम आहेत, परभणीच्या दोघी, आणि नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडचे एक सर. सरांच्या शाळेत गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी मुलं जास्त, त्यामुळे भाषेचे प्रश्न आम्ही त्यांच्याकडे ढकलतो. ग्रुपला नाव नाही, नुसता एक ठिपका आहे. नियम परभणीच्या एका मॅडमनं पहिल्याच आठवड्यात घातला: जीआर नको, शुभेच्छा नकोत, प्रमाणपत्र नको. फोटो टाकायचा तर मुलाच्या वहीच्या पानाचा, आणि त्यावर मुलाचं नाव दिसता कामा नये.

एक पान सांगते. माझ्या तिसरीतल्या एका मुलानं ५२ वजा २७ बरोबर ३५ असं लिहिलं होतं. एकच गणित नाही, खालची सगळी तशीच. ६१ वजा ३४ बरोबर ३३. मी पानाचा फोटो टाकून विचारलं, हातच्याचा सराव परत घेऊ का? लातूरच्या मॅडम म्हणाल्या, घ्या. किनवटच्या सरांचा निरोप उशिरा आला. "मॅडम, घाई नका करू. आधी त्यालाच विचारा, तू हे कसं केलंस म्हणून. बरोबर-चूक काही बोलू नका. नुसतं ऐकून घ्या आणि तो काय म्हणतो ते आम्हाला कळवा."

दुसऱ्या दिवशी पोषण आहाराच्या आधी त्याला जवळ बसवलं. त्यानं बोट ठेवून सांगितलं, "मॅडम, दोनातून सात जात नाहीत ना. मग सातातून दोन काढले. पाच राहिले." पुढे पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस. अगदी सरळ. मोठ्यातून लहान काढायचं, हे आम्हीच त्याला पहिलीत घोकून दिलेलं. तो नियम त्यानं प्रामाणिकपणे पाळला होता.

हे मी ग्रुपवर सांगितलं आणि त्या रात्री जी चर्चा झाली, ती कुठल्या प्रशिक्षणात व्हावी अशी होती. सर म्हणाले, खडू-फळा बाजूला ठेवा, गठ्ठे करा. आमच्याकडे तुराट्यांना तोटा नाही. बोटभर तुकडे केले, सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून दहा-दहाचे गठ्ठे बांधले. त्याच्यासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. म्हटलं, मला सत्तावीस दे. त्यानं दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या, आणि थांबला. इकडेतिकडे बघितलं. मी काही बोलले नाही, सरांनी बजावलेलंच होतं. मग म्हणाला, "गठ्ठा सोडावा लागंल की वो मॅडम." सोडला. पाच काड्या मोजून दिल्या आणि उरलेलं मोजलं: दोन गठ्ठे, पाच सुट्या. मग आपलं आपणच वहीकडे गेला आणि पस्तीस खोडलं.

लातूरच्या मॅडमना मात्र हे पुरेसं वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणारी मुलं असं वजाबाकीनं मोजतच नाहीत. ती पुढे मोजतात. सत्तावीसला तीन मिळवले की तीस, तिसापासून पन्नासपर्यंत वीस, वर दोन. झाले पंचवीस. कागद-पेन लागत नाही. वहीत आपण त्यांची ही रीत पुसून टाकतो आणि हातचा लादतो, मग मूल दोन्हीकडून जातं. सर म्हणाले, मग गठ्ठा सोडायचं कधी कळणार त्याला? पुढे तीन अंकी वजाबाकी आली की काय करणार? दोघांची जुंपली. रात्री साडेअकराला परभणीच्या मॅडमनं लिहिलं, 'आता झोपा, उद्या पेपर नाही कुणाचा.' मी दोन्ही रीती वर्गात वापरते. वाद मिटलेला नाही.

त्यातूनच सत्तावीस हा आकडाच आमच्या पोरांना कसा छळतो, हेही निघालं. ऐकताना आधी सात येतात, मग वीस. मूल ऐकलं तसं लिहितं, आणि ७२ होतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचायची पद्धत सुचवली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांनी कारणं समजावून सांगितली, पण तोवर फोनवर विनोदांचा पूर आला होता. मराठी बुडाली इथपासून ते पाढे कसे म्हणायचे इथपर्यंत. माझ्या फोनवर त्या आठवड्यात जे येऊन पडलं, त्यात मला दुसरीच्या वर्गात उभं राहून ७२ आणि २७ पाहणाऱ्या शिक्षकाचं एकही वाक्य सापडलं नाही. मोठ्या मैदानावर आमचा आवाज असाच असतो. पद्धत बरी की वाईट, यावर आमच्या ठिपक्याच्या ग्रुपमध्ये दोन मतं आहेत, पण दोन्ही वह्या बघून झालेली आहेत.

मोठ्या मैदानाचा फायदा नाहीच, असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२०मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम जगानं पाहिलं, आणि दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटले. त्यांचा माढा तालुका आमच्या मराठवाड्यातल्या धाराशिव जिल्ह्याला लागूनच. जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस इतका लांब पोचू शकतो, ही बातमी आमच्या पट्ट्यात फार मानानं वाचली गेली. लगोलग 'आपल्याकडे असं कोण आहे?' म्हणून माहिती मागवणारी लिंकही आली, पण ते सोडा.

करोनाचंही फार लिहीत नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोज अभ्यासमालेची लिंक यायची, ती आम्ही पालकांच्या ग्रुपवर टाकायचो, आणि ज्या फोनवर ती पडायची तो फोन बापाबरोबर शेतात गेलेला असायचा. शेवटी आम्ही पारावर जाऊनच बसलो. त्या काळात फोननं मुलांना किती शिकवलं याची मला शंका आहे. शिक्षकांना मात्र एकमेकांना फोन करायची सवय लागली.

ती सवय कुठे कामी आली, ते सांगते. आमच्या गावातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, लेकरं. हंगामी वसतिगृह असतं, आजी-आजोबा असले की लेकरं मागे राहतात. ज्यांच्या घरी कुणी नाही, ती जातात. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिथल्या शाळेनं त्याला वर्गात बसवून घ्यावं, अशी व्यवस्था आहे. आम्ही कार्ड लिहून देतो. पुढे ते कार्ड ट्रॉलीतल्या कुठल्या गाठोड्यात जातं, कुणास ठाऊक.

तिसरीतली एक मुलगी आदल्या दिवशी सांगून गेली, "मॅडम, आम्ही उद्या जायलोत." वाचायला नुकती लागली होती. जोडाक्षरांवर अडायची, पण अडली तरी पुढे जायची, हे तिचं विशेष. त्या रात्री मी ग्रुपवर कारखान्याचा परिसर सांगितला आणि विचारलं, तिकडे कुणी ओळखीचं आहे का? परभणीच्या मॅडमच्या एका मैत्रिणीच्या बॅचमधले सर सांगली जिल्ह्यात निघाले. त्यांनी आणखी एकांचा नंबर दिला. तीन दिवसांत मला एका अनोळखी सरांचा फोन आला. बोली वेगळी, आवाज मोठा. "बाई, तुमची पोरगी कोपीवर सापडली. शाळा दीड किलोमीटरवर हाय, आमच्या गावची चार पोरं त्याच वाटंनं येत्यात, त्यांच्यासंगं आणतो. तिला येतंय काय आन् अडतंय कुठं, तेवढं सांगा."

कार्डावर हा रकाना नाही. इयत्ता, जन्मतारीख, शाळेचा यू-डायस क्रमांक आहे. मी त्यांना बोलून पाठवलं: मोठ्यानं वाचायला सांगू नका, आधी मनात वाचू द्या, मग विचारा. 'र' जोडून आला की अडते. घरी धाकटा भाऊ सांभाळते, म्हणून गृहपाठाची अपेक्षा ठेवू नका. पंधरा दिवसांनी तिच्या वहीचं पान आलं. सरांनी तिला ऊसतोडीवरची पाच वाक्यं लिहायला लावली होती. 'आई मोळी बांधते. मोळी जड असते.' चेहऱ्याचा फोटो त्यांनी पाठवला नाही, मीही मागितला नाही. आमचा नियम त्यांना कुणी सांगितला होता, ते मला माहीत नाही.

जानेवारीत त्यांचा निरोप आला, की कालपासून पोरगी नाही, टोळी दुसऱ्या फडावर गेली. कुठे, ते मुकादमालाही नीट सांगता येईना. मी पुन्हा ग्रुपवर विचारलं, सरांनी त्यांच्याकडच्या ग्रुपवर विचारलं. दोन ठिकाणांहून 'नाही' आलं, बाकी शांत. ती एप्रिलमध्ये परत आली. त्या मधल्या अडीच-तीन महिन्यांत ती कुठल्याही शाळेत नव्हती. सांगलीत शिकलेलं बरंच टिकलं होतं, जोडाक्षरंसुद्धा. तिची ती वही मात्र ओल लागून गेली. सरांचा आणि माझा संपर्क राहिला. यंदा दसऱ्यालाच त्यांनी विचारलं, "औंदा किती कोयतं निघायल्यात तुमच्याकडनं?" 'निघायल्यात' हे त्यांनी आमच्याकडून उचललं असणार.

हे सगळं कुठल्याही लिंकमध्ये भरलं गेलं नाही. भरलं जाऊ नये असंही मला वाटतं. उद्या कुणी याचा उपक्रम केला, त्याला नाव दिलं, की प्रत्येक शाळेनं दरमहा 'संपर्क साधलेल्या शिक्षकांची संख्या' पाठवायची वेळ येईल. माझे सहकारी सर यावर माझ्याशी वाद घालतात. ते म्हणतात, मॅडम, तुमच्या ओळखी होत्या म्हणून एका पोरीचं झालं, बाकी गावांतल्या पोरींचं काय? व्यवस्था लागतेच. त्यांचं खरं आहे. पण मोठा ग्रुप झाला की त्यात साहेब येतात, साहेब आले की वहीचं पान जातं आणि फोटो येतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. व्हॉट्सॲपच्या ग्रुपची मर्यादा आधी २५६ होती, मग ५१२, आता १०२४. आमचा ठिपका अजून पंधराच्या आत आहे आणि नवं माणूस घ्यायचं म्हटलं की सगळ्यांना विचारतो.

शिवाय आता जपूनही राहावं लागतं. जुलै २०२५मध्ये शासनानं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत सूचना काढल्या. शासनाच्या धोरणावर टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, वगैरे. वर्तणूक नियम १९७९पासून आहेतच, त्यांची आठवण फोनपर्यंत आणून दिली. वहीच्या पानावर कुठलं धोरण नसतं, म्हणून आमचं बरं चाललंय. तरी मधूनच कुणीतरी 'हे डिलीट करू का?' विचारतं.

सप्टेंबर २०२५पासून मात्र ठिपक्याचा नियम मोडलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबरच्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायला सांगितलं. मोठे ग्रुप पीडीएफ नोट्सनी ओसंडून वाहायला लागले, आणि आमच्याकडेही सराव प्रश्न शिरले. लातूरच्या मॅडम वयानं सगळ्यांत लहान, टीईटी झालेल्या, त्या रोज रात्री दहाला बालमानसशास्त्राचे पाच प्रश्न टाकतात. किनवटच्या सरांची पाच वर्षं आणि काही महिने उरलीत, त्यामुळे तेही सापडले. परवा एका सराव संचात प्रश्न होता: मूल वजाबाकीत वारंवार तीच चूक करत असेल, तर शिक्षकानं प्रथम काय करावं? सरांनी उत्तर दिलं, मुलाला त्याची रीत विचारावी. उत्तरसूचीत होतं, जादा सराव द्यावा. सर ऐकायला तयार नाहीत. मॅडम म्हणतात, सर, बरोबर तुमचंच आहे, पण मार्क उत्तरसूचीला मिळतात. सरांनी त्यावर चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवलाय. तो मी अजून पूर्ण ऐकलेला नाही, उद्या सकाळी लिंक भरायच्या आधी ऐकणार आहे.